डेस्कटॉप प्रोग्रॅममध्ये क्लायंट सर्टिफिकेट: प्रकल्प नोंदी

४ फेब्रुवारी

आमचा विंडोजवर चालणारा एक प्रोग्रॅम आहे, मोजमापं गोळा करतो आणि थोड्या थोड्या वेळाने वेब सर्व्हिसला पाठवतो. समोर माणूस बसलेला नसतो त्यामुळे लॉगिन-पासवर्डचा प्रश्नच येत नाही, आत्तापर्यंत सेटिंग्जच्या फाईलमध्ये एक एपीआय की (सर्व्हरला ओळख पटवणारा गुप्त मजकूर) असायची आणि सगळ्या इन्स्टॉलेशनना तीच. म्हणजे कुणी फोल्डर उचलून दुसऱ्या मशीनवर टाकला की सर्व्हरच्या दृष्टीने तेही मशीन आपलंच. आणि की बदलायची म्हटली तर सगळीकडे एकदम बदलावी लागणार, म्हणून ती बदललीच जात नाही. आता प्रत्येक मशीनला स्वतःचं क्लायंट सर्टिफिकेट (सर्व्हरला दाखवायचं डिजिटल ओळखपत्र) द्यायचं आणि सर्व्हरने टीएलएस, म्हणजे एचटीटीपीएसमागची सुरक्षित जोडणी होतानाच ते तपासायचं, असं ठरलंय.

प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट ८ मध्ये आहे, सर्व्हरवर पुढे एनजिनएक्स (रिक्वेस्ट आधी घेणारा वेब सर्व्हर) आणि मागे आमचं अ‍ॅप्लिकेशन. नोंदी अशासाठी ठेवतोय की या विषयावर शोधलं तर कोडच्या चार ओळी लगेच मिळतात, पण त्या ओळी चालल्या नाहीत तर पुढे कुठे बघायचं हे फारसं कुणी लिहीत नाही.

५ फेब्रुवारी

सुरुवातीलाच टीममध्ये एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी लागली. सर्व्हरचं सर्टिफिकेट आणि क्लायंटचं सर्टिफिकेट एकाच सीएकडून (सर्टिफिकेटवर सही करणारी संस्था) असायची काही गरज नाही, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. सर्व्हरचं आहे तसं पब्लिक सीएचं राहू दे. क्लायंटचं मात्र आपल्या स्वतःच्या खाजगी सीएने सही केलेलं हवं, कारण सर्व्हरला सांगायचंय की 'या सीएने ज्याला सही दिली तो आत', आणि ती सही कुणाला मिळते यावर ताबा आपलाच पाहिजे. पब्लिक सीएचं सर्टिफिकेट क्लायंटसाठी वापरायचा मार्ग तसाही बंद होतोय, लेट्स एन्क्रिप्टने २०२५ मध्येच जाहीर केलं की २०२६ पासून त्यांच्या सर्टिफिकेटमध्ये क्लायंट ऑथेंटिकेशनची परवानगी नसेल.

ओपनएसएसएल या टूलने एक रूट (सगळ्यात वरचा सीए) बनवला, त्याखाली एक इंटरमीजिएट (मधला सीए). रूटची प्रायव्हेट की (सही करायची गुप्त किल्ली) नेटवर्कला न जोडलेल्या मशीनवर, रोजच्या सह्या इंटरमीजिएट करणार. टेस्टसाठी एक क्लायंट सर्टिफिकेट हाताने बनवून ठेवलं.

७ फेब्रुवारी

सर्व्हरची बाजू. एनजिनएक्समध्ये आपल्या सीएची फाईल दिली आणि एसएसएल_व्हेरिफाय_क्लायंट हे सेटिंग 'ऑन' न करता 'ऑप्शनल' ठेवलं, म्हणजे जुने प्रोग्रॅम एपीआय की घेऊन चालू राहतील आणि नवे सर्टिफिकेट दाखवतील. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अ‍ॅक्सेस लॉगच्या फॉरमॅटमध्ये एसएसएल_क्लायंट_व्हेरिफाय हे व्हेरिएबल घातलं. हे काम करणाऱ्याने बाकी काही करायच्या आधी ही ओळ घालावी असं मी कळकळीने सांगेन. लॉगमध्ये तीनपैकी एक उत्तर येतं: 'सक्सेस', 'नन', किंवा 'फेल्ड' आणि पुढे कारण. 'नन' म्हणजे क्लायंटने सर्टिफिकेट पाठवलंच नाही, 'फेल्ड' म्हणजे पाठवलं पण सर्व्हरला पटलं नाही. दोन्ही रोग पूर्ण वेगळे, औषधं वेगळी, पण प्रोग्रॅमच्या बाजूने बघितलं तर दोन्ही सारखेच दिसतात.

कर्ल या कमांडलाइन टूलने टेस्ट केली. सर्टिफिकेट आणि प्रायव्हेट की दोन वेगळ्या पेम (मजकूर स्वरूपातल्या) फाईलमध्ये देऊन सविस्तर लॉग चालू केला की एक ओळ दिसते: 'रिक्वेस्ट सर्ट' आणि पुढे १३. हा सर्व्हरने सर्टिफिकेट मागितल्याचा निरोप, १३ हा त्या निरोपाचा ठरलेला नंबर. ही ओळ नसेल तर क्लायंटच्या कोडमध्ये शोधत बसण्यात अर्थ नाही, कारण टीएलएसमध्ये सर्व्हरने मागितल्याशिवाय क्लायंट सर्टिफिकेट देतच नाही.

एनजिनएक्सची एक सवय लक्षात ठेवायची. सर्टिफिकेट चुकीचं असलं तरी तो जोडणी पूर्ण होऊ देतो आणि मग एचटीटीपीचा ४०० ('रिक्वेस्ट चुकीची') देतो. सगळे सर्व्हर असे नसतात. ओपनएसएसएलच्या एस_सर्व्हर या टेस्ट सर्व्हरला सर्टिफिकेट सक्तीचं करून लोकल टेस्ट केली तेव्हा टीएलएस १.२ वर जोडणी होतानाच तुटली, पण १.३ वर आधी जोडणी झाल्याचं दिसलं आणि पहिला डेटा वाचायला गेल्यावर ११६ नंबरचा अलर्ट आला, 'सर्टिफिकेट रिक्वायर्ड'. १.३ मध्ये क्लायंट आपली बाजू संपवून मोकळा होतो आणि सर्व्हरचा निकाल नंतर येतो, त्यामुळे असं होतं. म्हणून 'कनेक्ट झालं म्हणजे सर्टिफिकेट चाललं' असं गृहीत धरणारा कोड लिहायचा नाही, पहिलं उत्तर हातात येईपर्यंत काहीच सिद्ध होत नाही.

१० फेब्रुवारी

आज प्रोग्रॅममध्ये जोडलं. डॉटनेटमध्ये जोडणी सांभाळणाऱ्या एचटीटीपीक्लायंटहँडलरच्या क्लायंटसर्टिफिकेट्स लिस्टमध्ये सर्टिफिकेट टाकलं, रिक्वेस्ट पाठवली, कुठेही एक्सेप्शन नाही, आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये 'नन'. पूर्ण दिवस यातच गेला, म्हणून हे सविस्तर लिहितो.

पहिलं कारण सोपं होतं. लोड केलेली फाईल डॉट सीईआर होती, तिच्यात फक्त सर्टिफिकेट असतं, प्रायव्हेट की नसते. डॉटनेट ती आनंदाने लोड करतं, लिस्टमध्ये घेतं, आणि पाठवायची वेळ आली की बाजूला ठेवतं. हॅजप्रायव्हेटकी ही प्रॉपर्टी बघितली तर 'फॉल्स'. आता प्रोग्रॅम सुरू होतानाच ही प्रॉपर्टी तपासतो आणि खोटी असेल तर स्पष्ट एरर देऊन थांबतो.

मग पीएफएक्स फाईल घेतली, तिच्यात दोन्ही असतं. हॅजप्रायव्हेटकी आता 'ट्रू', तरीही लॉगमध्ये 'नन'. तेच सर्टिफिकेट कर्लने पाठवून बघितलं आणि तिथे धागा हाती लागला, कारण कर्लला 'नन' आलं नाही, 'फेल्ड' आलं, कारण: सर्टिफिकेटचा हेतू योग्य नाही. म्हणजे कर्ल पाठवत होता आणि सर्व्हर नाकारत होता, आणि डॉटनेट मुळात पाठवतच नव्हतं. दोन साधनांची उत्तरं वेगळी आली म्हणून हे कळलं, एकाच साधनावर अडून राहिलो असतो तर अजून दिवस गेले असते.

हे सर्टिफिकेट हाताने बनवलेलं नव्हतं, सह्या करणाऱ्या स्क्रिप्टमधून आलं होतं, आणि त्या स्क्रिप्टच्या टेम्प्लेटमध्ये एक्स्टेंडेड की युसेज (सर्टिफिकेट कशासाठी वापरायचं ते) म्हणून फक्त सर्व्हर ऑथेंटिकेशन लिहिलेलं, म्हणजे १.३.६.१.५.५.७.३.१. क्लायंटला पाहिजे शेवटी २ असलेलं, १.३.६.१.५.५.७.३.२. एका आकड्याचा फरक. डॉटनेटचा सोर्स उघडाच आहे, तो वाचला तर नियम स्पष्ट दिसतात: हँडलर लिस्टमधून असं सर्टिफिकेट निवडतो ज्याला प्रायव्हेट की आहे, एक्स्टेंडेड की युसेज लिहिलेलं असेल तर त्यात क्लायंट ऑथेंटिकेशन आहे, आणि की युसेज लिहिलेलं असेल तर त्यात डिजिटल सिग्नेचर आहे. यात बसणारं काही सापडलं नाही तर सर्टिफिकेटशिवाय जोडणी, आणि तीही गुपचूप. एरर द्यायला हवी होती असं माझं ठाम मत आहे. डेव्हलपरने स्वतःच्या हाताने लिस्टमध्ये घातलेलं सर्टिफिकेट न सांगता वगळणं बरोबर नाही.

टेम्प्लेट दुरुस्त केला, नवं सर्टिफिकेट, लॉगमध्ये 'सक्सेस'. सही झाल्यावर लगेच ओपनएसएसएलच्या व्हेरिफाय कमांडने, हेतू एसएसएलक्लायंट असा देऊन, तपासणी करायची पायरी स्क्रिप्टमध्येच घातली, म्हणजे असं सर्टिफिकेट इथून बाहेरच पडणार नाही.

११ फेब्रुवारी

माझ्या मशीनवर चालणारी पीएफएक्स एका जुन्या विंडोज सर्व्हरवर उघडेना, म्हणे पासवर्ड चुकीचा. पासवर्ड अगदी बरोबर होता. ओपनएसएसएल ३.० पासून, म्हणजे सप्टेंबर २०२१ पासून, पीएफएक्स बनवताना एईएस-२५६ आणि एसएचए-२५६ ही नवी पद्धत आपोआप वापरली जाते आणि जुन्या विंडोजला ती वाचता येत नाही, पण ते तसं न सांगता पासवर्डवर बोट ठेवतं. उपाय म्हणजे एक्स्पोर्ट करताना की आणि सर्टिफिकेट दोन्हींना एसएचए१-३डीईएस आणि मॅकसाठी (फाईल बदललेली नाही हे तपासायची खूण) एसएचए१ असं उघड लिहून द्यायचं. फाईल त्यामुळे कमकुवत होते, म्हणून ती ठेवून द्यायची नाही, इंपोर्ट झालं की पुसायची.

१३ फेब्रुवारी

पीएफएक्सची कटकट नको म्हणून पेमवरून थेट लोड करून बघितलं, डॉटनेट ५ पासून क्रिएटफ्रॉमपेमफाईल आहेच. लिनक्सवर लगेच चाललं. विंडोजवर एरर: सिक्युरिटी पॅकेजमध्ये क्रेडेन्शियल्स उपलब्ध नाहीत. वाचून वाटतं सर्टिफिकेटच नाहीये, पण ते असतं, प्रायव्हेट कीही असते, फक्त ती की मेमरीत तात्पुरती असते आणि विंडोजचं टीएलएस, म्हणजे एसचॅनल, तशी की वापरू शकत नाही. पीएफएक्स लोड करताना इफेमेरलकीसेट हा फ्लॅग दिला तरी हेच होतं. रूढ मार्ग असा की पेमवरून लोड केलेलं सर्टिफिकेट मेमरीतच पीएफएक्स म्हणून एक्स्पोर्ट करायचं आणि तेच बाइट परत लोड करायचे, मग की डिस्कवर उतरते आणि एसचॅनल तिला हात लावू शकतं.

पायथनवाल्यांसाठी इथेच लिहून ठेवतो, कारण आमचं एक छोटं टूल त्यात आहे. रिक्वेस्ट्स लायब्ररीला सर्ट म्हणून दोन पेम फाईलची जोडी देता येते पण पासवर्ड घातलेली की तिला चालत नाही. पायथनच्या मूळ एसएसएल मॉड्यूलमध्ये लोड_सर्ट_चेनला पासवर्ड देता येतो, पण पीएफएक्स त्यालाही थेट वाचता येत नाही.

१४ फेब्रुवारी

काल 'की डिस्कवर उतरते' असं लिहिलं, त्याचा परिणाम आज डोळ्यासमोर आला. टेस्ट मशीनवर युजरच्या अ‍ॅपडेटामधला मायक्रोसॉफ्टचा क्रिप्टो फोल्डर उघडला तर त्यात छोट्या छोट्या फाईलींचा ढीग. प्रोग्रॅम प्रत्येक रिक्वेस्टला पीएफएक्स नव्याने लोड करत होता, प्रत्येक लोडला एक की-फाईल बनते, सर्टिफिकेट डिस्पोज झालं की ती पुसली जाते, पण टेस्ट करताना प्रोग्रॅम मध्येच मारला की फाईल तिथेच राहते. महिनोन्‌महिने चालणाऱ्या मशीनवर हे चालणार नाही. सर्टिफिकेट एकदाच लोड करायचं, एकच एचटीटीपीक्लायंट, तोच शेवटपर्यंत.

या फाईली बघताना मोठा प्रश्न समोर आला. पीएफएक्स बनवायची आमच्याकडे, पाठवायची मेलने किंवा इन्स्टॉलरमधून, पासवर्ड कुठेतरी कोडमध्ये. मग एपीआय कीपेक्षा फरक काय पडला? प्रोग्रॅमच्या आत घातलेली पीएफएक्स आणि तिचा पासवर्ड थोडी खटपट करणारा कुणीही बाहेर काढू शकतो. सर्व्हर सांभाळणारा सहकारी म्हणाला, "अरे, आपण किल्ली बनवून पोस्टाने पाठवतोय, ती त्याच घरी घडवायला पाहिजे." त्याचं म्हणणं पटलं आणि दिशा बदलली. प्रायव्हेट की ज्या मशीनची त्याच मशीनवर तयार होईल आणि तिथून हलणार नाही.

१८ फेब्रुवारी

नोंदणीचा नवा मार्ग लिहिला. इन्स्टॉल करताना ऑपरेटर एकदाच चालणारा कोड टाकतो. प्रोग्रॅम विंडोजच्या सीएनजी या क्रिप्टोग्राफी यंत्रणेतून पी-२५६ ची ईसीडीएसए (सहीचा एक प्रकार) की बनवतो, टिकाऊ आणि एक्स्पोर्ट न होणारी. डॉटनेटच्या सर्टिफिकेटरिक्वेस्ट क्लासने सीएसआर (सर्टिफिकेटसाठीचा अर्ज) तयार होतो आणि कोडसोबत सर्व्हरला जातो. सर्व्हर कोड तपासून इंटरमीजिएटची सही घालून सर्टिफिकेट परत देतो, ते कॉपीविथप्रायव्हेटकीने कीला जोडायचं आणि विंडोजच्या सर्टिफिकेट स्टोअरमध्ये ठेवायचं. नेटवर्कवरून फक्त पब्लिक की आणि सर्टिफिकेट जातं, ते कुणी पाहिलं तरी बिघडत नाही. आणि सीएसआरमध्ये लिहिलेल्या नावावर सर्व्हरने विश्वास ठेवायचा नाही, नाव कोडवरून सर्व्हरनेच ठरवायचं, नाहीतर एक मशीन दुसऱ्याच्या नावाने सर्टिफिकेट मागून घेईल.

जास्त रूढ असलेला आरएसए प्रकार का नाही, तर कारण प्रॅक्टिकल आहे. टीएलएस १.३ मध्ये आरएसए कीने करायची सही पीएसएस पद्धतीचीच लागते, आणि जुन्या हार्डवेअर टोकनना आणि काही टीपीएम चिप्सना (मशीनमधल्या, की सांभाळणाऱ्या) ती नीट जमत नाही. त्यात विंडोज १० वर एसचॅनल १.२ वर थांबतं आणि विंडोज ११ वर १.३ येतं, म्हणजे तोच प्रोग्रॅम दोन मशीनवर दोन तऱ्हेने वागू शकतो. ईसीडीएसएने हा प्रश्नच टळतो.

एक्स्पोर्ट न होणारी म्हणजे चोरता न येणारी असं मात्र समजू नका. त्याच अकाउंटखाली घुसलेला प्रोग्रॅम ती की वापरू शकतो, आणि सॉफ्टवेअरमध्ये ठेवलेली की अ‍ॅडमिन अधिकार असलेला माणूस बाहेरही काढू शकतो. टीपीएम असेल तर की चिपच्या बाहेर येत नाही, म्हणून जिथे आहे तिथे ती वापरायची आणि नसेल तिथे सॉफ्टवेअर, असं ठेवलंय. कुठलं मशीन कुठल्या प्रकारचं आहे हे नोंदणीच्या वेळीच लिहून घेतो.

१९ फेब्रुवारी

स्टोअरमधून सर्टिफिकेट शोधताना काहीच सापडेना, डोळ्यांना मात्र सर्टएमजीआर या विंडोजच्या टूलमध्ये स्वच्छ दिसतंय. फाइंड फंक्शनला शेवटचा पॅरामीटर असतो व्हॅलिडओन्ली, तो 'ट्रू' असला की ज्याची साखळी या मशीनला विश्वासाची वाटते तेवढंच सर्टिफिकेट मिळतं. आमचा रूट क्लायंट मशीनवर विश्वासू म्हणून टाकलेलाच नाही, आणि टाकायची गरजही नाही, कारण तपासणार सर्व्हर. तिथे 'फॉल्स' द्यायचं आणि तारखा स्वतः बघायच्या. शोधायचं थंबप्रिंटने (त्या एकाच सर्टिफिकेटचा ठसा) नाही, इश्यूअरने (सही करणारा सीए), आणि त्यातलं सगळ्यात उशिरा संपणारं घ्यायचं. थंबप्रिंट सेटिंग्जमध्ये लिहून ठेवला तर नूतनीकरणाच्या दिवशी सगळं बंद पडेल.

२४ फेब्रुवारी

हाताने चालवला तर प्रोग्रॅम चालतो, विंडोज सर्व्हिस म्हणून चालवला तर चालत नाही. करंटयुजर स्टोअर प्रत्येक अकाउंटचं वेगळं असतं, सर्व्हिस वेगळ्या अकाउंटखाली असते, तिला माझ्या स्टोअरमधलं काही दिसत नाही. म्हणून सर्टिफिकेट लोकलमशीन स्टोअरमध्ये हलवलं आणि कीसुद्धा मशीन की म्हणून बनवली.

यावर नवी एरर: कीसेट अस्तित्वात नाही. आणि हॅजप्रायव्हेटकी तर 'ट्रू' सांगतंय! ती प्रॉपर्टी एवढंच सांगते की या सर्टिफिकेटला की जोडलेली आहे, ती वाचायची परवानगी तुम्हाला आहे का हे ती सांगत नाही. सीएनजीच्या मशीन की प्रोग्रॅमडेटाखाली मायक्रोसॉफ्ट, क्रिप्टो, कीज या फोल्डरमध्ये असतात, तिथल्या त्या एका फाईलवर सर्व्हिसच्या अकाउंटला वाचायची परवानगी दिली की काम झालं. हातानेही देता येते, सर्टएलएम उघडून सर्टिफिकेटवर राइट क्लिक, ऑल टास्क्स, मॅनेज प्रायव्हेट कीज. इन्स्टॉलर अ‍ॅडमिन म्हणून चालतोच, त्यामुळे हे काम त्याच्याकडेच दिलं. सुरू होतानाची तपासणीही बदलली: आता त्या कीने थोड्या बाइटवर खरोखर सही करून बघतो. सही झाली तरच पुढे.

खिडकी दाखवणाऱ्या भागाला आता की लागतच नाही, तो सर्व्हिसशी बोलतो आणि बाहेरच्या सगळ्या रिक्वेस्ट सर्व्हिसच करते. हे आधीपासून असंच असायला हवं होतं.

२७ फेब्रुवारी

खऱ्या इंटरमीजिएटने सही केलेली सर्टिफिकेट आली आणि सर्व्हर म्हणतो 'फेल्ड', पहिलं सर्टिफिकेट पडताळता आलं नाही, एरर २१. सर्व्हरकडे फक्त रूट होता, क्लायंट फक्त स्वतःचं सर्टिफिकेट पाठवत होता, मधला दुवा कुणाकडेच नव्हता. विंडोजवर इंटरमीजिएट मशीनच्या स्टोअरमध्ये असेल तरच साखळीसोबत जातो. डॉटनेट ८ मध्ये क्लायंटसर्टिफिकेटकॉन्टेक्स्ट देऊन तो उघडपणे जोडता येतो, पण सर्व्हर आपल्याच ताब्यात आहे तर सोपा मार्ग म्हणजे एनजिनएक्सच्या सीए फाईलमध्ये रूट आणि इंटरमीजिएट दोन्ही ठेवायचे. तेच केलं.

३ मार्च

पहिल्या काही खऱ्या जागांवर टाकलं. एका जागेवरून फक्त 'नन'. मशीनवर सगळं ठीक, सही होतेय, कर्लनेही 'नन'. मग कर्लच्या आउटपुटमध्ये सर्व्हरच्या सर्टिफिकेटचा इश्यूअर बघितला तर तो आमचा पब्लिक सीए नव्हताच, तिथल्या नेटवर्कवरच्या तपासणी प्रॉक्सीचा होता. असा प्रॉक्सी टीएलएस मध्येच तोडून दोन जोडण्या करतो, एक क्लायंटशी आणि एक सर्व्हरशी, आणि सर्व्हरच्या बाजूला त्याच्याकडे आपली प्रायव्हेट की नसते. क्लायंटची सही त्या विशिष्ट जोडणीच्या सगळ्या देवाणघेवाणीवर केलेली असते, त्यामुळे ती उचलून दुसऱ्या जोडणीत वापरता येत नाही. क्लायंट सर्टिफिकेटचं बळच ते आहे. मधला मार्ग नाही, आमचा होस्ट त्यांच्या तपासणीतून वगळायला सांगायचं, एवढाच उपाय. काही अँटीव्हायरसही एचटीटीपीएस स्कॅनसाठी हेच करतात.

यावरून एक सूचना आली की सर्व्हरच्या सर्टिफिकेटची तपासणी कॉलबॅकमधून 'ट्रू' परत करून बंद करूया, 'आता क्लायंट सर्टिफिकेट आहेच की'. हे अजिबात करायचं नाही. मधे बसलेला आमच्या सर्व्हरला आमच्या नावाने भेटू शकणार नाही हे खरं, पण तो आमच्या प्रोग्रॅमसमोर सर्व्हर म्हणून उभा राहील, सर्टिफिकेट मागेल, घेतल्यासारखं करेल आणि सगळी मोजमापं घेऊन जाईल. दोन्ही बाजूंची तपासणी स्वतंत्र आहे, एक असली म्हणून दुसरी सोडता येत नाही.

५ मार्च

रद्द केलेल्या सर्टिफिकेटसाठी सीआरएल (सीएने काढलेली रद्द झालेल्यांची यादी) बनवून एनजिनएक्सला दिला. लगेच सगळे 'फेल्ड', कारण: सीआरएल मिळाला नाही. इंटरमीजिएटचा दिला होता, पण साखळीतल्या प्रत्येक सीएचा लागतो, रूटचाही. दोन्ही एका फाईलमध्ये जोडले, चाललं.

१० मार्च

नूतनीकरण. सर्टिफिकेटचं दोन तृतीयांश आयुष्य संपलं की प्रोग्रॅम नवी की बनवतो आणि जुन्या सर्टिफिकेटच्या जोरावर नव्यासाठी सीएसआर पाठवतो, कोड लागत नाही. टेस्टमध्ये नवं स्टोअरमध्ये आलं, प्रोग्रॅमने ते उचललं, आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये जुनाच सीरियल नंबर. उघड्या राहिलेल्या जोडण्या परत वापरल्या जातात आणि जोडणी ज्या सर्टिफिकेटने झाली त्याचंच नाव तिला शेवटपर्यंत चिकटलेलं असतं. चालू हँडलरची लिस्ट बदलून उपयोग नाही, नवा हँडलर आणि नवा एचटीटीपीक्लायंट बनवायचा, जुन्याच्या चालू रिक्वेस्ट संपू द्यायच्या आणि मग तो डिस्पोज करायचा.

याच टेस्टमध्ये नवं सर्टिफिकेट पहिल्या क्षणी 'अजून वैध नाही' म्हणून नाकारलं गेलं. सह्या करणाऱ्या मशीनचं घड्याळ वेब सर्व्हरच्या किंचित पुढे होतं. घड्याळं मिळवलीच, शिवाय सर्टिफिकेटची सुरुवातीची वेळ तासभर मागची घालायची सोय केली.

४ एप्रिल

आज सगळी मशीनं एकदम नाकारली गेली. लॉगमध्ये कारण: सीआरएलची मुदत संपली. ओपनएसएसएलच्या मूळ कॉन्फिगमध्ये सीआरएलची मुदत ३० दिवस असते, ५ मार्चला बनवलेला आज संपला. मुदत संपलेला सीआरएल म्हणजे एनजिनएक्ससाठी एकही सर्टिफिकेट वैध नाही. नवे बनवून, एनजिनएक्स रीलोड करून मशीनं परत आली (रीलोडशिवाय तो नवी फाईल वाचत नाही). प्रोग्रॅम न पाठवता आलेला डेटा स्वतःजवळ ठेवतो म्हणून काही हरवलं नाही, पण अर्धा दिवस गेला.

यावर बसून विचार केला. सीआरएल वेळेवर बनवणारं, पोचवणारं आणि रीलोड करणारं यंत्र चालवत राहायचं, तेही रूटचा सीआरएल ऑफलाइन मशीनवरून, आणि ते एकदा चुकलं की सगळं बंद. आमच्यासारख्या ठिकाणी, जिथे एकच सर्व्हर सर्टिफिकेट तपासतो, तिथे हे ओझं आहे. सीआरएल काढला. एनजिनएक्स सर्टिफिकेटचा सीरियल नंबर हेडरमधून (रिक्वेस्टसोबत जाणारी माहितीची ओळ) अ‍ॅप्लिकेशनला देतो आणि अ‍ॅप्लिकेशन डेटाबेसमधली नोंद बघून आत घेतं किंवा नाही. एखादं मशीन रद्द करायचं तर एक ओळ बदलायची, परिणाम पुढच्याच रिक्वेस्टला. मात्र ते हेडर एनजिनएक्सने दरवेळी स्वतःच लिहिलं पाहिजे, क्लायंटने त्याच नावाचं हेडर पाठवलं तर ते पुसलं गेलं पाहिजे, आणि एनजिनएक्सला वळसा घालून अ‍ॅप्लिकेशनपर्यंत पोचता येता कामा नये. नाहीतर सर्टिफिकेटशिवाय नुसता सीरियल लिहून कुणीही आत येईल. कर्लने खोटं हेडर पाठवून ही टेस्ट केली, आणि ती कायमच्या टेस्टमध्ये घातली.

१८ एप्रिल

लॉगमध्ये 'नन' दिसणं थांबलं, म्हणजे एपीआय कीवर चालणारं कुणी उरलं नाही. 'ऑप्शनल' काढून 'ऑन' केलं आणि नोंदणी बंद पडली, कारण नव्या मशीनकडे नोंदणी करताना सर्टिफिकेट नसतंच. एसएसएल_व्हेरिफाय_क्लायंट हे सेटिंग सर्व्हर ब्लॉकला, म्हणजे पूर्ण होस्टला लागतं, आतल्या एखाद्या लोकेशनला वेगळं देता येत नाही, आणि ते बरोबरही आहे, कारण जोडणी होते तेव्हा कुठला पत्ता मागितलाय हे सर्व्हरला माहीतच नसतं. नोंदणीसाठी वेगळं होस्टनेम आणि वेगळा सर्व्हर ब्लॉक केला, तिथे सर्टिफिकेट लागत नाही, फक्त एकदाचा कोड, आणि चुकीचे कोड सारखे येत असतील तर तो पत्ता काही वेळ अडवला जातो.

जुनी एपीआय की सर्व्हरवरून काढली. राहिलेलं काम एकच: जे मशीन बराच काळ बंद राहिलं आणि मधल्या काळात ज्याचं सर्टिफिकेट संपलं, ते चालू झालं की स्वतःहून नूतनीकरण करू शकत नाही, एनजिनएक्स त्याला ४०० देतो. प्रोग्रॅमने सर्टिफिकेटची तारीख स्वतः बघून स्क्रीनवर 'नोंदणीचा नवा कोड लागेल' असं दाखवायचं आणि तोपर्यंतचा डेटा सांभाळून ठेवायचा. हा भाग पुढच्या आवृत्तीत जाईल.